एका कपाचं आधण

रोज सकाळी आमचे हे ओट्यापाशी उभे राहून वाडग्यात बांबूच्या इवल्या रवीने हिरवी पूड घुसळत असतात. माचा म्हणे, जपानी चहा. त्याचे हिरवे शिंतोडे टाइल्सवर उडतात आणि पुसायचे मी. "अगं, तरतरी येते आणि डोकंही शांत राहतं," हे सांगतात. ह्यांचं राहतं, माझं फिरतं. एकदा घोट घेऊन पाहिला, तर भिजवलेल्या मेंदीचा वास आणि कच्च्या पालकाची चव.

बरं, त्याला उकळीही नाही. चहा उकळायचाच नसेल, तर माणसांनी एकमेकांशी बोलायचं कधी? लग्न झाल्यापासून आमची निम्मी भांडणं आणि सगळे समेट आधणासमोरच झालेत.

आता माझ्यापुरताच चहा टाकते, पण एका कपाचा चहा मला साधत नाही. कधी पाणचट, कधी कडू. आज वैतागून पूर्वीसारखं दोन कपांचं आधण ठेवलं. माझा कप पिऊन झाला, दुसऱ्यावर साय धरली. वाडगा विसळताना ह्यांचं तिकडे लक्ष गेलं.

"हा कोणाचा गं?"