लटारूभाऊंनी परत मागितलेल्या सायकली

लटारूभाऊंकडे सायकल बनवून घ्यायला गेलं की ते आधी माणसाला चालायला लावायचे. मलाही लावलं होतं. मी तेव्हा आमच्या उपकेंद्रात नवीन, वर्धेकडून बदलून आलेली आणि लशींचा डबा खांद्याला अडकवून सात गावं पायी तुडवून वैतागलेली नर्स. "डबा घ्या अन् त्या कडुलिंबापर्यंत जाऊन या, बाई," ते म्हणाले. मी गेले, आले. "अजून एकदा. जरा घाईनं." चैत्राच्या उन्हात तीन चकरा झाल्यावर मी भडकलेच. "भाऊ, मला सायकल हवीय, पोलिसात भरती नाही व्हायचं!" ते हसले नाहीत. हातातल्या सुतळीला गाठी मारत म्हणाले, "डाव्या गुडघ्याले जपून राह्यल्या तुमी. दुकानातली सायकल तुमाले लंगडी करून टाकंल." गुडघ्याचं दुखणं मी घरच्यांनाही सांगितलं नव्हतं.

मुलचेऱ्याच्या रस्त्याला, सागाचं जंगल सुरू होतं तिथे त्यांचा मांडव होता. भंगारातल्या जुन्या सायकली, खाटांचे पाइप, काय मिळेल ते कापून ते ज्याच्या त्याच्या मापाची सायकल उभी करत. मासे वाहणाऱ्याची वेगळी, बांबू नेणाऱ्याची वेगळी. लटारूभाऊ सांगाडा जोडत. चाकं बांधायला जवळच्या बंगाली वस्तीतला बिमल होता. त्याने चाकाचा आउट काढला की चाक वर्षभर डुलत नसे. टोपल्या विणणारी एक म्हातारी बुरूडीण होती आणि रंग देणारा एक जण, जो कामापेक्षा गप्पाच जास्त मारायचा. उन्हाळ्यात हे सगळं गणगोत तिथेच राहायचं, तिथेच आंबील प्यायचं आणि दिवसभर एकमेकांशी भांडायचं. संध्याकाळी लस देऊन परतताना मीही टेकायचे तिथे. दिवसभर लोकांच्या शिव्या खाल्ल्यावर मला ते भांडण फार गोड लागायचं.

त्यांची एक रीत होती, फेरी. नवी सायकल आधी मालकाच्या हातात द्यायची नाही. पहाटे मांडवातल्या सगळ्यांनी नव्या सायकली काढायच्या, मालक जेवढं ओझं वाहणार तेवढी रेती पोत्यांत भरून मागे बांधायची, आणि नाल्याच्या उतारापर्यंत जाऊन यायचं. मालक कडेला बसून बघणार. लटारूभाऊ म्हणत, "ज्यानं बनवली त्यानं पयले पडावं. मंग बाकीच्याइनं." मीसुद्धा माझ्या सायकलवर जायचे त्यांच्या मागे. मोहफुलं वेचणाऱ्या बाया हात करायच्या, रंगवाला घसा ताणून गायचा, आणि बिमल ओरडायचा, "दीदी, आज वाघ भेटला तर तुमी सुई मारा!" एवढं हसणं मी त्याआधी कुठे हसले नव्हते आणि नंतरही नाही.

लटारूभाऊंच्या कामात घाई हा शब्दच नव्हता. दोन पाइप पितळेने झाळून जोडले की तो लालभडक जोड ते धानाच्या कोंड्याच्या राखेत पुरून ठेवत. आपला आपण थंड व्हायचा, अर्धा दिवस गेला तरी चालेल. "जोड म्हंजे लेकरू हाये. झोपलेलं उठवाचं नाई," म्हणायचे. कुणी लकडा लावला तर त्याला आंबील पाजून घरी पाठवायचे.

आणि तरी त्यांनी घाई केली. त्या वर्षी उन्हाने कहर केला होता, तेंदूचा हंगामही लवकर लागला. नऊ सायकली एकदम सांगून ठेवलेल्या, आणि तेंदूची पानं कुणासाठी थांबत नाहीत. त्यातल्या सहा पहिल्या फेरीत उतारापर्यंत जाऊन आल्या आणि मालक घेऊन गेले. दुसऱ्या फेरीत उरलेल्या तीन होत्या. बिमल एकीवर होता, मागे रेतीची दोन पोती. उताराच्या मध्यावर त्याच्या सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणारा भाग, कटकन सुटला. बिमल तोंडावर गेला. जबडा फुटला, मनगट मोडलं, तीन दात रस्त्यावर पडले.

मी त्याचा जबडा बांधत होते. लटारूभाऊ मोडलेला चिमटा हातात घेऊन तुटलेल्या जागी बोट फिरवत बसले होते. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी पाणी टाकलो, बाई."

"कशावर?"

"जोडावर. मांडवात भट्टीवानी तापून राह्यलं होतं. राखेत ठेवाले जागा नव्हती. बालटीत बुडवलो. तापल्या जोडाले पाणी लागलं का आतून तडकते."

"किती जोड बुडवलेत?"

"काही बुडवलो, काही नाई. कोनते, ते याद नाई."

माझे हात बिमलच्या रक्ताने भरले होते. मला इतका संताप आला की मी काय बोलतेय याचं भान राहिलं नाही. "शाबास! लोकांच्या जिवाशी खेळलात आणि म्हणता याद नाही? चूक तुमची आहे, तुम्हीच निस्तरा!" मी ओरडले. ते उठले, तो चिमटा मांडवात ठेवला आणि स्वतःच्या जुन्या सायकलवर टांग मारून निघाले.

गेलेल्या सहा सायकली परत आणायच्या होत्या, त्यांच्यातली एखादी कुणाच्या खाली तुटण्याआधी. ऐन हंगामात सायकल कोण देतो हो? एकजण म्हणाला, "बरी तं चालून राह्यली, भाऊ. फेरी मारून देली होती ना?" दुसऱ्याने दारातूनच हाकललं. लटारूभाऊ त्याच्या अंगणात संध्याकाळपर्यंत बसून राहिले, शेवटी त्याच्या बायकोनेच सायकल काढून दिली. चिमटा कापायचा, पुन्हा झाळायचा, राखेत ठेवायचा आणि दोन दिवसांनी सायकल घरपोच द्यायची, असं त्यांनी पाच सायकलींचं केलं. पाचांपैकी दोन सायकलींच्या जोडात केसाएवढा तडा निघाला. तो बघून त्यांनी जेवण टाकलं. माझ्याशी बोलत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

सहावी सायकल होती सुमनची. सुमन ढिवराची, तळ्यावरची मासोळी दोन पेट्यांत भरून गावोगाव विकणारी, तोंडाची फटकळ, म्हणूनच माझी मैत्रीण. तळं आटत चाललं होतं आणि सगळी मासोळी एकाच वेळी खपवायची होती. तिने तीनदा लटारूभाऊंना परत पाठवलं. "मासोळी थांबते का, भाऊ? पावसाचं पानी आलं का घेऊन जाजा. मी हळूहळू चालवतो." चौथ्यांदा ते गेले तेव्हा त्यांनी काही मागितलंच नाही. तिच्या दोन्ही पेट्या स्वतःच्या सायकलला बांधल्या, सीट तिच्या उंचीला खाली केली, आणि तिची सायकल हातात धरून चालायला लागले. दुपारचा एक वाजला होता. सुमन मागून ओरडली, "उन उतरू द्या ना, भाऊ! आन् बसून जा ना, पैदल काऊन?" ते म्हणाले, "आता हिच्यावर कोनी बसाचं नाई." तिथून मांडव अकरा किलोमीटर होता.

तेंदूची पानं नेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला ते रस्त्याच्या कडेला सापडले. सायकल सागाच्या झाडाला नीट टेकवून ठेवलेली, आणि स्वतः उन्हात आडवे. उपकेंद्रात आणलं तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. मी सलाइन लावलं, ओली पोती गुंडाळली, कोपऱ्यावरच्या दुकानातला होता नव्हता तेवढा बर्फ काखेत ठेवला. एकदा डोळे उघडून त्यांनी विचारलं, "आनली का?" मी म्हटलं, "आणली, भाऊ. बाहेरच आहे." तालुक्याच्या दवाखान्याची गाडी येऊन पोचली तेव्हा ते गेले होते. तेवीस वर्षं नोकरी केली मी, किती तरी माणसं हातात गेली. इतकं रडले नव्हते कुणासाठी.

तिसऱ्या दिवशी बिमलने सुमनच्या सायकलचा चिमटा कापला. मीच कापायला सांगितलं होतं, मला बघायचंच होतं. त्याचा जबडा अजून तारेने बांधलेला होता आणि मनगट प्लास्टरमध्ये, म्हणून सायकल मी धरली आणि करवत त्याने एका हाताने चालवली. बराच वेळ तो जोड उन्हात फिरवून फिरवून बघत राहिला आणि मग माझ्या हातात दिला. जोड अखंड होता. पितळ सगळीकडे सारखं बसलेलं, तडा शोधूनही सापडेना. हा जोड त्यांनी राखेतच ठेवलेला होता, रीतसर.

तेवढ्यात सुमन आली, लटारूभाऊंची सायकल ढकलत. बसली नव्हती, सगळा रस्ता चालत आली होती. आमच्या हातातलं लोखंड बघून जागच्या जागी उभी राहिली. "बाई, खरं सांगा. तडा होता का?"

मी जोड मुठीत झाकला. "होता," म्हटलं. "चांगला मोठा होता. पुढच्या उतारालाच सुटला असता." बिमल मान खाली घालून उभा राहिला. सुमन मांडवाच्या खांबाला धरून खाली बसली आणि मोठ्याने रडली. रडता रडता म्हणाली, "जीव वाचवला माहा त्यायनं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

ती गेल्यावर मी बिमलला विचारलं, "मी ओरडले नसते तर ते उन्हात निघाले असते का रे?" त्याला तारेमुळे बोलता येत नव्हतं. पण मान हलवता येत होती, आणि त्याने ती कुठल्याच बाजूला हलवली नाही.