शेंडे सर आणि करडीच्या गोगलगायी

आदल्या दिवशी काही चुकीचं शिकवलं असेल, तर शेंडे सर फळ्याजवळच्या चौथऱ्यावर चढत नसत. बाकांच्या मध्ये उभं राहून म्हणत, "काल मी तुम्हाला खोटं सांगितलं." मुलं हसत. सरांचा चेहरा मात्र उतरलेला असे. भंडाऱ्याच्या कॉलेजात आम्ही दोघं प्राणिशास्त्र शिकवायचो, आमची टेबलंही शेजारी होती. म्हणून तो चेहरा मी पुष्कळदा पाहिला.

गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यानंतरची गोष्ट. करडी गावातल्या एका शाळेत सरांचं भाषण होतं. औषधांतलं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक सांडपाण्यातून तळ्यात जातं, गोगलगायींच्या पेशींतल्या रिसेप्टरला, म्हणजे संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि नरांच्या माद्या होतात, असं त्यांनी सांगितलं. त्या खाणाऱ्यांनी विचार करावा, असंही म्हणाले. गावाने विचार केला. तळ्यातल्या गोगलगायी बाजारात विकणाऱ्या सखूबाईचं टोपलं भरलेलंच परत जाऊ लागलं.

पुढे एक शोधनिबंध सरांच्या हाती आला. मुद्दा साधा होता. आपल्या पेशीतला हा रिसेप्टर कडी लावलेल्या दारासारखा असतो, संप्रेरक आलं की उघडतो. गोगलगायीतही तसाच दिसणारा रिसेप्टर आहे, पण ते दार कायमचं उघडं. तो इस्ट्रोजेन धरतच नाही, त्याच्याविनाच काम करत राहतो. काही समुद्री कृमींत मात्र तो इस्ट्रोजेन धरतो. म्हणजे एका प्राण्यावरून दुसऱ्याचं सांगता येत नाही, आणि सरांनी तर माणसावरून गोगलगायीचं सांगितलं होतं.

"मॅडम, दार उघडंच हाये, अन् मी गावाले कडीचा धाक दाखवला," ते म्हणाले. एरवी कॉलेजात ते प्रमाण भाषा बोलत.

आता कोणाला आठवतंय, असं मी म्हटलं.

"मले आठवते ना."

आम्ही करडीला गेलो. सखूबाईने धंदा सोडला होता, ती तुमसरला राइस मिलमध्ये कामाला जात होती. तिथे गेलो. सरांनी तिला बाजूला बोलावून सगळं सांगितलं. हातातला झाडू न ठेवता तिने ऐकलं.

"मंग माल चांगला होता?"

"मी सांगितलं त्या कारणानं तरी खराब नव्हता. चूक माझी."

"तवा तं माईकवर बोल्ले होते, गुरुजी. आता हळूच काहून सांगून राहिले?"

एवढं बोलून ती पुन्हा झाडू लागली.

पुढच्या रविवारी त्यांनी त्याच शाळेत माईक लावून घेतला. सखूबाईचं नाव घेऊन आपली चूक सांगितली. ऐकायला मोजकी माणसं होती. सखूबाई नव्हती, मिलला सुटी नव्हती. तळ्यावर ती पुन्हा गेली नाही. आणि सर, अगदी वारेपर्यंत, करडीवरून जाणारी बस सोडून लांबच्या वाटेने जात.