निळे पाय

वैशाखातली ती दुपार आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तेव्हा सोलापुरात फौजदार होतो. शुक्रवार पेठेजवळच्या विणकर गल्लीतली माणसे एका बांगडीवाल्याला ओढतच चौकीत घेऊन आली. मागून एक बाई ऊर बडवत येत होती. तिची चार वर्षांची मुलगी सकाळपासून नाहीशी झाली होती. बाईला तेलुगूखेरीज दुसरी भाषा येत नव्हती, पण तिचे दुःख समजायला दुभाष्या नको होता.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने खबर दिली होती की बांगडीवाला मुलीच्या हातात बांगड्या भरत होता. बांगडीवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, दोन बांगड्या घातल्या, खरं हाय. पैसं बी घेतलं न्हाईत. पोरगी नाचत घराकडं पळाली. म्होरचं मला ठावं न्हाई."

"साहेब, दोन ठेवून दिल्या की आठवंल ह्याला," आमचे जमादार पुटपुटले.

"त्या दोन तुमच्यापाशीच ठेवा," मी म्हणालो. मारून बोलता केलेला माणूस आपल्याला हवे तेच बोलतो. मला कबुली नको होती, मुलगी हवी होती.

मला रेखाटून विचार करायची खोड होती. पंचनाम्याला कच्चा नकाशा सगळेच जोडतात, पण मी जबान्याही चित्रांत टिपत असे. घर म्हणजे चौकोन, माणूस म्हणजे काडी आणि खोटे बोलतोय असा संशय आला की त्या काडीला शेपूट. आमचे वरिष्ठ टोमणा मारीत, "फौजदार, नाटक कंपनीत पडदे रंगवायला जा तुम्ही."

गल्लीत जाऊन मी नकाशा काढला. मुलीचे घर, दुकान, बांगडीवाल्याची जागा. मग ध्यानात आले की मुलीच्या दारासमोरच एक खिडकी आहे. तिथल्या म्हाताऱ्या विणकराला जमादारांनी विचारले होते, "कोणी दिसलं का?" तो "न्हाई" म्हणाला होता. नकाशा मात्र म्हणत होता की त्याला दिसायलाच हवे. मी आत गेलो.

म्हातारा खड्ड्याच्या हातमागावर बसला होता. पाय खड्ड्यात, बूड जमिनीला टेकलेले आणि समोरची बुटकी खिडकी रस्त्याच्या पातळीला. मी त्याच्यापुढे कागद आणि माझी कचेरीतली लाल-निळी पेन्सिल ठेवली.

"मामा, कोण दिसलं ते राहू द्या. सकाळी काय काय दिसलं ते काढा."

त्याने खिडकीची चौकट काढली आणि तिच्यात नुसते पाय. एका गाढवाचे, कुणाचे वहाणांसकट. शेवटी दोन मोठे पाय, घोट्यापर्यंत निळे रंगवलेले. त्यांच्या मागे, जरा अंतर ठेवून, दोन चिमुकले पाय.

"हे निळे का रंगवले?"

"निळेच हुते की."

"मग मघाशी कोणी दिसलं नाही कसं म्हणालात?"

"तोंड कुटं दिसतंय हितनं? कोन ते कसं सांगू, साहेब?"

मी स्वतः त्याच्या जागी बसून पाहिले. बाहेर उभ्या असलेल्या जमादारांचे मला फक्त बूट दिसले. म्हाताऱ्याने खोटे सांगितले नव्हते, आम्हीच चुकीचे विचारले होते.

घोट्यापर्यंत निळे पाय म्हणजे सूत रंगवायचा कारखाना. सांडलेल्या रंगात वावरून तिथल्या माणसांचे पाय तसे होतात. त्या दिवशी कारखाना सुट्टीमुळे बंद होता. पण गल्लीत विचारल्यावर कळले की तिथली एक बाई सकाळी सूत गोळा करून घेऊन गेली होती; ती घरीच सापडली. माझा प्रश्न ऐकताच तिने कपाळाला हात लावला. "अगं बाई! म्या सूत कोठीत टाकलं, कडी लावली न् घरला आले. मागं बगितलंच न्हाई की!"

आम्ही धावतच कारखान्याच्या कोठीकडे गेलो. आत भट्टीसारखी धग होती. निळ्या सुताच्या लडींवर मुलगी निपचित पडली होती. पाण्याचा हात तोंडावरून फिरवला तशी ती डोळे उघडून रडू लागली आणि जमादारांनी डोळ्यांना रुमाल लावला. दार बडवून तिची एक बांगडी फुटली होती. नव्या बांगड्या दाखवायला ती त्या बाईमागे गेली होती.

संध्याकाळी आई मुलीला घेऊन चौकीत आली. बांगडीवाला सुटला होता, पण मान खाली घालून पायरीवरच बसून होता. आईने लेकीचे रिकामे मनगट धरले आणि त्याच्या हातात दिले. त्याने तिथेच बांगड्यांची पेटी उघडली.

साक्षीदाराला आधी पेन्सिल द्यावी आणि प्रश्न मागाहून विचारावा, हे मी त्या दिवशी शिकलो. प्रत्येकाला आपापल्या खिडकीपुरते जग दिसते. ते कागदावर आले की चार खिडक्या मिळून रस्ता दिसू लागतो. आता पेन्शनीत मी मंडईच्या यादीतही वांगी-भोपळे काढतो आणि घरातले हसतात.

त्या रात्री चौकीच्या डायरीत मी एक चिमुकला हात, एक मोठा हात आणि मध्ये बांगडी एवढेच काढले होते. वरिष्ठांनी पान उलटून विचारले, "हे काय?"

"प्रकरणाचा निकाल, साहेब."

त्यांनी चित्र बराच वेळ पाहिले आणि खाली सही केली.