आक्काच्या हळदीसाठी सॉफ्टवेअर

नांदेडहून आमचं गाव तसं लांब नाही. चाकूरपर्यंत एसटी, पुढं काळीपिवळी. पण साऊंड सिस्टीमच्या दुकानात काम करणाऱ्याला सुट्टी मिळते ती लग्नसराई संपल्यावर, आणि घरचं सगळं शुभकार्य येतं नेमकं लग्नसराईत. त्यामुळं मी घरापासून फार लांब राहतो, असंच मला वाटत आलं आहे. नववीत शाळा सोडून इथं आलो. दुकानाचे मालक चाचा. त्यांच्या वडिलांचा बँड होता, मग लाऊडस्पीकर भाड्यानं देणं आलं, आणि आता बेसच्या स्पीकरची कपाटाएवढी खोकी. मला त्यांनी पहिल्यांदा वायर गुंडाळायला शिकवलं. वायर कोपरावर गुंडाळली की हातावर चापट बसायची. "अंदर से टूट जाती, बेटा." त्या चापटीचे उपकार मी विसरणार नाही, कारण दुसऱ्या कुणी मला काही शिकवायला घेतलंच नसतं.

आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, तिचं लग्न ठरलं आणि तिचा फोन आला.

"हळदीचं गाणं तू बनवायचं."

"बनवतो की."

"आन् मधी कुणी वरडायचं न्हाई."

वरडायचं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या कुठल्याही हळदीत कळतं. जो डीजे गाणं मिक्स करतो तो त्यात दर थोड्या वेळानं स्वतःचं नाव जाडजूड आवाजात टाकतो, दुसऱ्यानं चोरू नये म्हणून. गाणं नवरीच्या नावाशी येतं आणि मध्येच परका माणूस गरजतो.

"शेजारच्या पोरीच्या हळदीत नवरीचं नाव कुणाला ऐकू आलं न्हाई," आक्का म्हणाली. "पर त्या डीजेचं नाव लिंबावरच्या कावळ्याला बी पाठ झालं. आन् अजून एक. आपले काका काय म्हणून राहिले माहीत हाय का? म्हणले, पोरगं गाणी कुठलं बनवतंय, खोकी उचलतंय. त्यांच्यासमोर वाजलं पाहिजे."

हाव म्हटलं आणि फोन ठेवला. पण काका खोटं बोलत नव्हते. मी खोकी उचलत होतो. गाणी 'बनवतो' म्हणजे मोबाईलवरच्या एका अॅपमध्ये दोन तयार गाणी एकमेकांना चिकटवत होतो. आता गाणं पहिल्यापासून करायचं होतं, आणि ते झालं नाही तर आक्काच्या हळदीत पुन्हा कुणीतरी परकाच गरजणार होता. माझ्या नावाला काकांनी लावलेलं खोकंही मग कायमचं चिकटलं असतं.

चाचांनी दुकानातला जुना लॅपटॉप दिला. त्याची बॅटरी गेलेली, चार्जर लावला तरच चालणारा. त्यात दुकानाची सगळी गाणी होती. आता प्रश्न सॉफ्टवेअरचा. आमच्या धंद्यातल्या सगळ्या पोरांचं एकच उत्तर असतं: पेनड्राइव्ह आण, क्रॅक टाकून देतो. क्रॅक म्हणजे विकतच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडलेली प्रत. पण असाच एक पेनड्राइव्ह आमच्या शेजारच्या फोटो स्टुडिओत गेला होता आणि त्यातल्या व्हायरसनं लोकांच्या लग्नाचे सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसले होते. उघडायला गेलं की काहीच नाही. चाचांची गाणी अशी उडाली तर मी त्यांना तोंड कसं दाखवणार होतो? क्रॅक नको म्हटल्यावर पोरं हसली. "लई सज्जन झाला रे!" सज्जन नव्हतो. भ्यालो होतो.

मग दोन उरली. एक होतं मोठ्ठं, महागडं, पण कंपनीचं ट्रायल फुकट मिळत होतं. दिसायला असं की नवरदेवाची गाडी सजवली आहे: रंगीत पट्ट्या, उड्या मारणारे दिवे. दुसरं जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, कायमचं फुकट, पण तोंडवळा सरकारी कचेरीसारखा करडा. त्यात थेट रेकॉर्डिंगही होत नव्हतं. मी अर्थातच रंगीत घेतलं. इंग्रजी येत नव्हतं, तरी पट्ट्या पाहून कळत होतं. एका दिवसात ढोल बसला, बेस बसला, आणि मी स्वतःवर इतका खूश झालो की दुपारी जेवायचंही विसरलो.

मग एक गोष्ट कळली. ट्रायलमध्ये काम सेव्ह करता येतं, पण एकदा बंद केलं की सेव्ह केलेलं पुन्हा उघडता येत नाही. त्यासाठी विकत घ्यावं लागतं. हे तिथं लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. शहाण्या माणसानं त्याच क्षणी दुसरं सॉफ्टवेअर घेतलं असतं. मी ठरवलं, लॅपटॉप बंदच करायचा नाही! गाणं पुरं होईपर्यंत चालूच ठेवायचा. दुकानाला इन्व्हर्टर होता, लाईट गेली तरी काळजी नव्हती. काळजी एकच होती, ती चाचांच्या उजव्या हाताची.

चाचा दुकान वाढवताना मेन स्विच पाडतात. शटरला कुलूप लावायच्या आधी तो जुना लोखंडी खटका खाली ओढायचा, मग इन्व्हर्टरचं बटण बंद. फार पूर्वी बाजारात शॉर्टसर्किट होऊन ओळीनं दुकानं जळाली होती, तेव्हापासूनचा नेम. मी हात जोडले.

"चाचा, गाणं होईपर्यंत मेन पाडू नका."

"हौ रे बाबा, नै गिरातूं."

तीन रात्री त्यांनी पाडला नाही. रोज सकाळी शटर वर गेलं की लॅपटॉपचा उजेड दिसायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा. मग आली शुक्रवारची संध्याकाळ. गिऱ्हाईक भांडून गेलं, चाचा वैतागलेले, आणि हातानं आपलं काम केलं. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तर आत अंधार. चाचांनी खटक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि स्टुलावर बसले.

"बेटा, मैंने नै गिराया. हाथ ने गिराया."

मला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही. त्यांच्यावर राग येईना. ज्या सवयीनं त्यांचं दुकान इतकी वर्षं जळालं नाही, तिच्यावर काय रागवायचं? चूक माझ्या हट्टाची होती. पण हळद आठवड्यावर आली होती आणि हातात काहीच नव्हतं.

मी करडं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. काम केलं, सेव्ह केलं, बंद केलं, आणि पुन्हा उघडलं. सगळं जिथल्या तिथं. ते मी उगाचच आणखी दोनदा करून पाहिलं. गेल्या तीन रात्रींत लागली नव्हती इतकी निश्चिंत झोप मला त्या रात्री लागली.

त्यात चकचकीत आवाज नव्हते, म्हणून आवाज मीच गोळा करायला लागलो. फोनवर रेकॉर्ड करायचे आणि लॅपटॉपमध्ये ओढायचे. दुकानाचं शटर खाली येतानाचा धाडकन आवाज. स्पीकरच्या कागदी पडद्यावर चाचांनी मारलेली टिचकी. आक्काला म्हटलं, तू पण काहीतरी पाठव.

"काय पाठवू, माझा आवाज भसाडा हाय."

"बांगड्या वाजव. नाहीतर काकांना शिव्या दे."

ती जी हसली, खळखळून, मध्येच श्वास अडकून, ते हसूच मी कॉलच्या रेकॉर्डिंगमधून कापून घेतलं. ज्या जागी डीजे आपलं नाव टाकतात, तिथं तिथं ते बसवलं. इअरफोनवर ऐकलं आणि अंगावर काटा आला.

मग चाचांची परीक्षा. ते बेसच्या खोक्यावर पाण्यानं अर्धा भरलेला स्टीलचा पेला ठेवतात. पाणी मधोमध थरथरलं तर बेस बरा, काठाला आपटलं तर ढिला. माझ्या गाण्याला पेला सरकत सरकत खालीच पडला.

"इयरफोन में शेर था," चाचा म्हणाले. "खोके में भैंस पानी में बैठी."

त्यांनी मला खोक्यासमोर उभं केलं. मी बेस थोडा कापायचो, परत वाजवायचो, आणि ते मान हलवायचे. रंगीत ट्रायलमध्ये असतो तर बंद करायच्या भीतीनं इतके बदल केले असते की नाही, कोण जाणे. इथं प्रत्येक प्रयोग वेगळ्या नावानं ठेवला आणि उघडून एकमेकांशी ताडून पाहिला. शेवटी पाणी मधोमध थरथरलं. चाचांनी तेच पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाले, "जा. खोके भी ले जा. बहन की हल्दी को भाडा नै लगता." भर सराईत, दोन मोठी खोकी आणि टेम्पो.

हळदीच्या दिवशी दारातल्या मांडवात आक्का पाटावर बसलेली, दोन्ही गालांना हळद, भोवती बायकांचा घोळका. काका पहिल्या खुर्चीवर. वायरीचा जॅक लावताना मी दोनदा चुकलो. मग शटरचा धाडकन आवाज झाला, बेस उठला आणि मांडवाचा कपडा हलला. पहिल्यांदा आक्काचं हसू खोक्यांतून आलं तेव्हा बायका थांबून एकमेकींकडं पाहू लागल्या.

"अगं, ही तर आपली पोरगी!"

"कुठून हसून राहिली ही?"

मग सगळ्या एकदम सुटल्या. हळदीची वाटी कुणाच्या हातात, कुणाच्या डोक्यावर. प्रत्येक वेळी हसू आलं की ओरडा उठायचा आणि खोक्यातल्या हसण्याबरोबर खरी आक्का हसायची. आंघोळीआधी नवरीनं पाटावरून उठायचं नसतं. ती उठली.

"बस गं, बस खाली! पाट सोडू न्हाई!" मावशी ओरडली.

"एवढं गाणं होऊ दे, मावशे!"

गाणं संपलं. काका खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा. खोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "ते पुन्हा लाव की रे. मी नाचलोच न्हाई अजून."

मी पुन्हा लावलं. काका हात वर करून घोळक्यात शिरले, आक्कानं त्यांच्या दोन्ही गालांना हळद फासली आणि मावशी पाटाचं नाव काढायची विसरली.