पहिली चूल मास्तराची

आमच्या गावाला विद्येचा पुळका आला तो एकदाच, पलेगाच्या साली. त्याआधी न्हाई आन त्यानंतर बी न्हाई. एरवी 'पोरगं शाळेत धाडा' म्हटलं की 'मंग ढोरं कोण राखंल?' हे ठरलेलं उत्तर. मी सांगून राहिले ते ऐकीव न्हाई, या डोळ्यांनी पाहिलेलं हाये. मी पंचफुलाबाई, पाटलाच्या घरची थोरली सून. मालक लवकर गेले आन पाटीलकी धाकट्या दिराकडं गेली, ज्ञानबाकडं. गाव त्याला मुजरा करतं. मी त्याचा शेंबूड पुसलेला हाये, म्हून मला काई मुजरा जमत न्हाई.

संतराम मास्तर सेनगावाकडचा, हटकराचा पोरगा. बापानं मेंढरांचा कळप मोडून त्याला हिंगोलीला शिकायला ठेवलं. पोरगं शिकलं, निजाम सरकारची मास्तरकी मिळाली, आन आलं आमच्या गावात. जवळा बाजारापासून दोन कोसावरचं गाव आमचं. शाळा म्हंजे मारुतीच्या देवळामागं एक खोली. तिच्या पाठीला पडवी, त्या पडवीत मास्तरचा संसार, तो आन त्याची बायको नर्मदा. उंच, काटकुळा माणूस. बोलणं इतकं मऊ की बैल बी वळायचा न्हाई. पोराला छडी मारायची वेळ आली की पोराच्या आधी मास्तरच डोळे मिटायचा. असला मास्तर पोरांना लई गोड लागतो आन त्यांच्या बापांना बिल्कुल आवडत न्हाई. 'धनगराला काय कळतंय शिकवण्यातलं,' म्हणायचे. म्हणणाऱ्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, ही गोष्ट अलाहिदा.

रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या दोन-तीन साल आधीची गोष्ट. मार्गशीर्षात घराघरात उंदीर पडायला लागले. उंदीर पडला की गाव सोडायचं, हे दूध पिणाऱ्या लेकराला बी ठाऊक. चार माणसं गाठ येऊन गेली, तसं सगळं गाव रानात आलं. कडब्याच्या, पऱ्हाटीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. मास्तरनं बी आमच्या मळ्याच्या कडंला एक झोपडी घातली, आन दुसऱ्याच दिशी चिंचेखाली पोरं गोळा करून बसला. गावात कधी शाळंचं तोंड न पाहिलेली पोरं बी रानात रिकामी व्हती, ती येऊन बसायला लागली. धुळीत बोटानं अक्षरं काढायची. सगळा हिवाळा त्यानं असं शिकवलं. खोली बंद व्हती, शाळा बंद नव्हती. हे मी मुद्दाम सांगते, काहून की पुढं सगळं गाव हे विसरलं.

फाल्गुनात रोग हटल्यासारखा झाला. नवा उंदीर दिसंना, नवी गाठ ऐकू येईना. लोक रानाला कंटाळले व्हते. पेवातली ज्वारी गावात, भांडीकुंडी गावात, आन रातीला चोराचं भ्याव. ज्याला त्याला घरी जायचं व्हतं, पण आधी कोणी जायचं? आमच्याकडं रीत हाये. म्हणतात की रोग जाता जाता एका घासासाठी गावात दबा धरून बसतो, आन पहिली चूल ज्याची पेटंल त्याच्या घरात शिरतो. म्हून एका घरानं आधी जायचं, चूल पेटवायची, आन एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत, म्हंजे आठ दिस, एकट्यानं तिथं राहायचं. बाकीच्यांनी रानातून धूर बघायचा. त्या चुलीपाशी कोणी फिरकायचं न्हाई, बोलायचं न्हाई. दुसऱ्या बाजाराला बी धूर निघाला, की डफ वाजवत गाव आत. आन हे पहिलं घर कायम वेस राखणाऱ्या येसकराचं. त्याला कधी कोणी विचारलं न्हाई, नुसतं सांगायचे.

त्या साली पंचांच्या बैठकीत मसाजी येसकर उठून उभा राहिला आन हात जोडून म्हणाला, "पाटील, माझ्या आज्याचं निभावलं. बापाला गाठ आली. मी झोपडीतच बरा हाये."

शिवी न्हाई, आवाज न्हाई. पण त्याच्या मागं सगळा महारवाडा उभा व्हता, आन दिवस बदलले व्हते. ज्ञानबाचं तोंड एवढंसं झालं. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आन मंग, बघा बरं, त्याच बैठकीत गावाला आठवण झाली की आपल्या गावात एक शाळा हाये!

काय ती चर्चा! विहिरीच्या थारोळ्यापाशी दिसभर चालली. रामकिशन दुकानदार म्हणाला, "पोरांचं नुकसान होऊन राहिलं." त्याची तिन्ही पोरं जलमापासून मिठाच्या गोणीवर बसलेली, नुकसान कशाचं? दुसरा म्हणाला, "मास्तर सरकारचा पगार खातो आन चिंचेखाली वारा खातो." तिसरा म्हणाला, "सरकारी माणसानं जिवाला भ्यायचं नसतं." त्याचं पोरगं त्याच वक्ताला चिंचेखाली पाढे म्हणून राहिलं व्हतं, इथवर आवाज येत व्हता. मसाजी लांबून बोलला, "शाळा तर चालूच हाये की." ते कोणाच्या कानात गेलं न्हाई. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

मास्तरला बोलावलं. ज्ञानबा म्हणाला, "मास्तर, पंचांनी ठरवलं, शाळा उघडा. एक बाजारभर तुमी तिथं राहा, झाडलोट करा, चूल पेटवा. पोरं मागून येतील."

मास्तर सगळ्यांकडं बघून म्हणाला, "मागून काहून? शाळा पोरांची हाये. ज्याला शाळा पायजे त्यानं आपलं एकेक पोरगं माझ्या संगं धाडावं. मी उद्या उघडतो."

झालं! रामकिशन आपल्या पायाचा अंगठा बघायला लागला, जसा काई आजच फुटलाय. मला हसू आवरलं न्हाई. मी मोठ्यानं हसले.

"वयनी, हे बायामाणसाचं काम न्हाई," ज्ञानबा गुरकावला.

"मंग गड्यामाणसाचं तू कर की! जा, पेटव तुझी चूल."

"मी पाटील हाये. मला काई झालं तर गावाकडं कोण बघंल?"

"आता तरी कोण बघून राहिलं?" मी म्हटलं.

पण असल्या लोकांना लाज वाटली की ते चवताळतात. खळ्यावरून मास्तरला धान्य मिळायचं ते बंद करू म्हणाले. वर तालुक्याला कळवू म्हणाले, मास्तर रोगाचं निमित्त करून रानात लपला आन शाळा बंद ठेवली. चिंचेखालच्या सगळ्या हिवाळ्याचं त्यांनी एका फुंकरीत वाटोळं केलं. मी मास्तरच्या झोपडीवर गेले. म्हटलं, "बाबा, आजच सेनगावाला निघून जा. नोकरी गेली तर मेंढरं हायेत."

"कळप मोडूनच शिकलो, काकी. मेंढरं कुठली? आन पळालो तर म्हणतील, हटकराचंच पोरगं, मास्तरकी झेपली न्हाई. रोग गेलाय बहुतेक."

"आन बहुतेकच असला तर?"

नर्मदा गाठोडं बांधून राहिली व्हती. मास्तरनं तिला लई सांगितलं, तू रानातच राहा म्हून. ती म्हणाली, "तुमाला चूल पेटवता येती का?" आन गाठोडं डोक्यावर घेऊन त्याच्या पुढं चालायला लागली. मला त्या दोघांचा अभिमान वाटला आन त्या गावाची किळस आली, दोन्ही एकाच वक्ताला.

दुसऱ्या दिशी सकाळी देवळामागून धूर निघाला. सारं गाव बांधावर उभं राहून बघत व्हतं. मंग घंटा वाजली. शाळंत रुळाचा एक तुकडा टांगलेला व्हता, तो मास्तरनं शाळंच्या वक्ताला बडवला, रिकाम्या खोलीत. रानात पोरं नाचायला लागली. रोज सकाळी धूर, मंग घंटा. गडीमाणसं धूर बघून तंबाखू मळायची आन म्हणायची, "मास्तर टिकला बरं का." कोणी वेशीपर्यंत जाऊन 'मास्तर, काय खाल्लं?' म्हून हाळी दिली न्हाई. रीत पाळत व्हते ना!

बाजार दोन दिसांवर आला आन घंटा वाजली न्हाई. मला वाटलं, झोप लागली असंल. दुसऱ्या दिशी बी न्हाई. मी ज्ञानबाला गाठलं. "घंटा बंद हाये कालपासून. माणूस पाठव."

"वयनी, धूर बघ की," तो हसत म्हणाला. "आधी सकाळ-संध्याकाळ निघायचा, आता दिसभर निघून राहिला. मास्तर चैनीत हाये. पुरण शिजवत असंल."

सगळे खो खो हसले. आन खरंच, धूर व्हता. इतका धूर तर कधीच नव्हता. रीत सांगती धूर बघा, यांनी धूर बघितला. घंटंचं रीतीत कुठं लिहिलंय? गाड्या भरायला काढल्या, बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावला, आन डफवाल्याला सांगावा गेला.

मी गाडगंभर आंबील घेतली आन रीत मोडून सरळ गावात शिरले.

पडवीत चूल भडकली व्हती. वर पाण्याचं भगोनं. नर्मदाचे डोळे धुरानं न् जागरणानं लाल. मास्तर घोंगडीवर पडलेला, अंग तव्यासारखं, काखेत लिंबाएवढी गाठ. मला त्यानं वळखलं न्हाई. नर्मदा फडकं पाण्यात बुडवून पिळत व्हती आन शेकत व्हती, पिळत व्हती आन शेकत व्हती.

"अगं, कोणाला हाळी तरी द्यायची!"

"वेशीपाशी जाऊन लई वरडले, काकी. वारा उलटा व्हता, न्हाईतर त्यांना ऐकायचं नव्हतं. ह्यांना एकट्याला टाकून रानापर्यंत जाववंना. वाटलं, चूल विझवावी. धूर बंद झाला तर कोणीतरी येईल. दोनदा लाकडं बाहेर ओढली." तिनं माझ्याकडं बघितलं. "पण मंग पाणी कशावर तापवू?"

मी तिथंच भुईवर बसले. तेवढ्यात डफ वाजला. गावाला दम निघाला नव्हता, एक दिस आधीच निघाले व्हते. मी वेशीत जाऊन आडवी उभी राहिले आन वरडले, "माघारी फिरा! मास्तरला गाठ आलीया!"

कोणी विचारलं न्हाई की कसा हाये, कधी आली, औषध काय दिलं. ज्ञानबा म्हणाला, "म्हंजे रोग गेला न्हाई तर!" रामकिशन म्हणाला, "माझ्या दुकानाकडं तर आला न्हाई ना तो?" मंग एकच पळापळ. गाडी गाडीत अडकली, बैल उधळले, डफवाला डफ टाकून पळाला. ज्ञानबा लांबून वरडला, "वयनी, तू आता आमच्याकडं येऊ नको!" जसं काई मी जाणार व्हते.

मास्तर दुसऱ्या दिशी दुपारी गेला. खांद्याला माणूस न्हाई. मी बांधावर उभी राहून एकेकाचं नाव घेऊन हाका मारल्या. सगळ्या झोपड्यांची दारं लागली. मंग मसाजी आन त्याचा भाऊ आले. मी त्याच्याकडं बघत राहिले तसा तो म्हणाला, "चूल पेटवायला न्हाई म्हणलो व्हतो, बाई. खांद्याला न्हाई म्हणलो न्हाई." पुढं ते दोघं, मागं नर्मदा आन मी. असा आमी मास्तर नेला. बायांनी खांदा दिला, येसकरानं हटकराचं मढं शिवलं, म्हून रानात त्याच संध्याकाळी पंचांची बैठक बसली. दारं उघडली म्हणायची एकदाची!

नर्मदाला न्यायला सेनगावाकडून तिचा भाऊ गाडी घेऊन आला. तेव्हा चैत लागला व्हता आन गाव अजून रानातच व्हतं. पुन्हा तीच चर्चा, पहिली चूल कोणाची? आन ज्ञानबाच्या सुपीक डोक्यातून निघालं की तालुक्याला अर्ज करू, नवा मास्तर मागू. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण अर्ज लिहायचा कोणी? कुलकर्णी पहिला उंदीर पडला तेव्हाच परभणीला पळालेला. बाकी सगळे अंगठे.

गाडी मळ्यापाशी आली तसा ज्ञानबा आडवा गेला. पंधरा हात लांब उभा राहून म्हणाला, "बाई, मास्तरनं तुमाला लिहाय-वाचाय शिकवलं म्हणतात. जाता जाता दोन वळी लिहून द्या. शाळा बंद असल्यानं पोरांचं नुकसान होऊन राहिलं, नवा मास्तर ताबडतोब धाडावा. बस, एवढंच."

मी पायातली वहाण काढली. देवाशपथ, त्या दिशी मी पाटलाला भर रानात वहाणंनं हाणला असता. नर्मदानं गाडीतून खाली वाकून माझा हात धरला. मंग तिनं ज्ञानबाकडं बघितलं.

"लिहिते की, पाटील. पण त्यात हे बी लिहू का, एकट्या गड्यालाच धाडा म्हून? बायको संगं असली की ती पाणी तापवत बसती, धूर निघत राहतो, आन तुमाला वाटतं मास्तर ठणठणीत हाये."