रुमालाखालची मूठ

सन १९४६. मी तेव्हा अडतीस वर्षांचा. शाळा मराठी तिसरीपर्यंत, तीही मास्तरांशी भांडून सोडलेली. पण घोड्याच्या बाबतीत माझा शब्द तापीच्या दोन्ही काठांवर चालायचा, हे आजही छाती काढून सांगतो.

धाकटा भाऊ फौजेत विमान चालवायचा. आई-बाप लवकर गेले, त्याला मॅट्रिक मीच केलं. लढाई संपून वर्ष उलटलं होतं. सारंगखेड्याच्या यात्रेत मी घोडे घेऊन उतरलो होतो, तिथे तो सुटीवर आला. खिशात दोन कागद. एक फौजेचा, कायम राहतोस का म्हणून. दुसरा मुंबईच्या एका विमान कंपनीचा, उतारू नेणाऱ्या विमानावर येतोस का म्हणून. आठ दिवसांत दोघांना उत्तर द्यायचं होतं.

म्हणाला, "भाऊ, तू सांगशी तसं करसू."

मी तिथल्या तिथे निकाल दिला. "फौजच. सरकारी घोडा नुसता उभा शे तरी त्याले दाना-चंदी मिळस. टांगाना घोडा पळस तोवरच."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पडना तं दोन्ही सारखाच पडतस, भाऊ."

मी हसलो. आणि यात्राभर सांगत सुटलो की माझा भाऊ आता मोठा साहेब होणार.

पुढचे तीन दिवस मी बघत होतो आणि बघत नव्हतो. राहुटीच्या खुंट्या मी ठोकलेल्या, पण तो रोज सकाळी एकेक खुंटी हलवून बघायचा. चुलीचा धूर वळला की त्याची मान वर. जेवता जेवता घास हातात धरून कान द्यायचा. काय ऐकतोस म्हटलं तर म्हणे, "काही नही." आणि आमची घोडी, जी लहानपणापासून त्याच्या हातून गूळ खायची, ती तो जवळ आला की मागे सरायला लागली. जनावर उगाच मागे सरत नाही. मला कळत होतं. मी मुद्दाम पाठ फिरवली.

चौथ्या दिवशी दुपारी एक म्हातारा व्यापारी, आमच्या ओळखीचा, चारचौघांत त्याला म्हणाला, "बस घोडीवर, दाखव एक फेरी."

हा पोरगा दहा वर्षांचा असताना बिनखोगिराने तापीच्या वाळूत घोडा फेकायचा. आज त्याने खोगिरावर हात ठेवला, उभा राहिला आणि हात काढून घेतला.

"इमान उडावस, अन घोडीले घाबरस?" म्हातारा म्हणाला. लोक हसले.

"घोडीले जीव शे ना, काका."

हसू तिथंच विझलं. माझं मात्र डोकं फिरलं. चारचौघांत माझं नाक कापलं होतं.

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरून भाव सांगतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. रुमालाखाली खोटं बोलणाऱ्याला पुन्हा कोणी हात देत नाही. हे त्याला मीच शिकवलं होतं. मी त्याचा हात ओढला, वर रुमाल टाकला. "एक बोट फौज, दोन बोटं कंपनी. आते सांग."

एकच बोट येणार, याची मला खात्री होती.

हात गार होता. आणि आत थरथरत होता. थंडीची थरथर ती नव्हती. दम तुटेपर्यंत पळवलेला घोडा थांबला की त्याच्या कुशीचं कातडं हलतं ना, तशी. वर तोंड लोकांकडे बघून हसत होतं. रुमालाखाली मूठ मिटलेली. मी एक बोट उलगडायला गेलो, ते उलगडेना. मिटलेली मूठ म्हणजे सौदा नाही. फौज नको, कंपनीही नको.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"लढाईमा संगेवाला इमानमा जळना तवपासून. कोणले सांगू नको, भाऊ. तू फौज म्हनना, मी जासू."

जाणार होता. त्याच हाताने विमान उचलणार होता, कारण मी शब्द देऊन बसलो होतो.

"काय ठरनं रे?" म्हातारा ओरडला.

मी रुमाल खांद्यावर टाकला आणि त्याला घेऊन राहुटीकडे निघालो. त्या संध्याकाळी भाकरी दोघांच्याही पुढे तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडून दोन्हीकडे नकार लिहून घेतला, पाकिटं कोटात घातली आणि चहाच्या पालावर गेलो. सगळे तिथेच होते. मोठ्याने सांगितलं, "पोरगा जावाले तयार शे. मीच जाऊ देत नही."

"का रे भो?" म्हातारा म्हणाला.

"मन्ही मर्जी."

"बैल शे तू, बैल! पोरनं नशीब तुडावस."

"शे," मी म्हणालो, आणि घोडी शहाद्याच्या पोस्टाकडे वळवली.