पट्ट्यांवर उतरण्याआधी

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. कंपनी पाठवेल त्या शहरात जायचं, बंद पडलेल्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं, काम झालं की घरी. लोक परगावाहून आले की तिथल्या इमारतींचं, बाजारांचं कौतुक सांगतात. हे सांगतात, रस्ता कसा ओलांडला ते.

"तिकडे पादचारी पूल बांधलाय. वर नुसती कबुतरं. माणसं खालून पळतात."

"आणि तुम्ही?"

"पुलावरून. कबुतरांबरोबर."

एका शहरात म्हणे सिग्नल टिकटिक वाजतो, डोळ्यांनी न दिसणाऱ्यालाही कळावं म्हणून. दुसरीकडे माणसं कडेला साचतात आणि चांगला घोळका झाला की एकदम घुसतात; गाड्या निमूट थांबतात. ऐकून ऐकून माझे कान किटले. पण ऐकत राहिले, कारण हे वेड कुठून लागलं ते मला ठाऊक होतं.

पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवला की गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात, असं एक शहर आहे. फार वर्षांपूर्वी हे तिथे बरेच महिने राहून आले आणि आल्या आल्या मला घेऊन धाकटीकडे निघाले. धाकटी म्हणजे माझी बहीण, रस्त्यापलीकडच्या इमारतीत राहते. माझा हात धरून हे इकडेतिकडे न बघता खुशाल पट्ट्यांवर उतरले. आमच्या रस्त्याला त्या पट्ट्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. स्कूटर मला उडवून गेली. गुडघा गेला तो गेलाच. तेव्हा यांना मी काय काय बोलले, विचारू नका. त्यानंतर तो रस्ता मी कधी ओलांडला नाही. धाकटीच रोज यायची.

गेल्या आठवड्यात ती अंथरुणाला खिळली. फोनवर आवाज अगदी खोल गेलेला. "ताई, तू येशील का गं?" इतक्या वर्षांत तिने कधी बोलावलं नव्हतं.

"चला," मी यांना म्हटलं.

कडेला उभं राहून यांनी आधी मला धडा दिला. आपल्याकडची रीत वेगळी. थांबायचं नाही, पळायचं नाही, एका चालीने चालत राहायचं; गाड्या आपल्याला वळसा घालून जातात. गाड्यांच्या बाजूला हे, आतल्या बाजूला मी. लंगडत का होईना, निघाले.

मधोमध यांचे पाय थांबले. हॉर्न नुसते कानात घुसत होते. "अहो!" म्हणून वळून बघते तर यांचे डोळे गच्च मिटलेले. कपाळ माझं! मी यांच्या पलीकडच्या बाजूला गेले, गाड्यांना हात दाखवला आणि यांना ओढत, एका चालीने, पलीकडे नेलं. एका बसचा ड्रायव्हर शिव्या घालत गेला. घालू दे.

कडेला पोचल्यावर यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा माझ्या गुडघ्याकडे बघितलं.

"फार लागलं का गं तुला?"

आज मला कुठेच काही लागलं नव्हतं.

"नाही हो," मी म्हटलं. "चला, धाकटी वाट बघतेय."